ग्रागर: शब्द कसा वापरायचा, वस्तू कशी बनवायची आणि नेमकी कधी फिरवायची

एका कथेच्या अनुवादात मी 'ग्रागर'चा, म्हणजे ज्यूंच्या पुरीम सणाला गोल फिरवायच्या लाकडी खडखड्याचा, सरळ 'खुळखुळा' करून टाकला होता. मजकूर पुढे पाठवायच्या आधी ठाण्यातल्या ओळखीच्या एका बेने इस्रायली (कोकणातल्या मराठी ज्यू) आजींना तो उतारा वाचून दाखवला. त्यांनी मला मध्येच अडवलं. "अगं, खुळखुळा पाळण्यावर टांगतात, बाळ निजावं म्हणून. हे निजलेल्याला उठवणारं प्रकरण आहे." मग हातात नसलेला दांडा धरून त्यांनी मनगट असं काही गोल फिरवलं की तो करकराट मला जवळजवळ ऐकू आला. त्या दिवशी खुळखुळा खोडला आणि ग्रागरच्या मागे लागले. तेव्हापासून जे हाती आलं ते इथे ओळीने मांडते आहे. अनुवाद करणारे, शब्दकोडी सोडवणारे, शाळेत सणांचं प्रदर्शन भरवणारे आणि पुरीमला होणाऱ्या धर्मग्रंथाच्या वाचनाला पहिल्यांदाच जाऊन बसणारे, सगळ्यांना यातलं काही ना काही कामाला येईल.

आधी शब्द

ग्रागर हा यिद्दिश शब्द. यिद्दिश म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोली. पाया जर्मन, त्यात हिब्रू आणि स्लाव भाषांचा भरणा, लिपी हिब्रू. इंग्रजीत या शब्दाला एक ठरलेलं स्पेलिंग नाही. त्यामुळे वाचताना ग्रागर, ग्रॅगर, ग्रेगर, ग्रॉगर अशी चार-पाच रूपं भेटतात आणि ही वेगवेगळी वाद्यं असावीत असं वाटू लागतं. वस्तू एकच. मराठीत मी 'ग्रागर' लिहिते, कारण मूळ उच्चाराला ते पुरेसं जवळ आहे. शिवाय 'गरगर फिरवायचा तो ग्रागर' असं एकदा म्हटलं की शब्द डोक्यात पक्का बसतो. हे नुसतं पाठांतराचं साधन आहे, व्युत्पत्ती म्हणून कोणी पुढे ढकलू नये.

हिब्रूत त्याला 'रअशान' म्हणतात. 'रअश' म्हणजे गोंगाट, गडगडाट. बायबलच्या हिब्रूत हाच शब्द भूकंपासाठीही येतो. आघात शेवटच्या 'शान'वर आणि अनेकवचन 'रअशानीम'. इस्रायलमधल्या प्रसंगाबद्दल लिहायचं असेल तर रअशान, अमेरिकेतल्या किंवा पूर्व युरोपातून आलेल्या कुटुंबाबद्दल असेल तर ग्रागर, अशी वाटणी मला सोयीची पडते. जर्मन मुलखात 'हामान-क्लॉपर' असंही म्हणत, म्हणजे हामानला, पुरीमच्या कथेतल्या खलनायकाला, ठोकून काढणारा. फिरवायच्या चाकापेक्षा ठोकायच्या हातोडीला ते नाव जास्त शोभतं.

मराठी व्याकरणात बसवायचं तर मी त्याला पुल्लिंगी धरते: 'त्याने ग्रागर फिरवला', 'पोरांनी आपापले ग्रागर काढले'. 'दगड'सारखं अनेकवचन तेच राहतं. विभक्ती लावताना 'ग्रागराचा' व्याकरणशुद्ध आहे, पण बोलताना जीभ 'ग्रागरचा' म्हणते. डॉक्टर, कंडक्टर या शब्दांचं आपण तेच करतो, तेव्हा मी 'ग्रागरचा'च ठेवते. क्रियापद मात्र जपून निवडा. चाकाचा ग्रागर 'फिरवतात' किंवा 'घुमवतात', डब्याचा 'हलवतात' आणि फळीचा 'आपटतात'. 'वाजवणे' सगळीकडे चालतं, पण त्यातून चित्र उभं राहत नाही. आणि हो, मोबाइलवर टाइप करणार असाल तर पाठवायच्या आधी एकदा वाचा. माझ्या फोनने त्याची दोनदा 'गागर' आणि एकदा 'सागर' करून ठेवली होती.

मराठी प्रतिशब्दच हवा असेल तर 'खडखडा' हा सगळ्यात कमी चुकीचा. खुळखुळ्यात आत काहीतरी सुटं असतं आणि ते हलतं. ग्रागरमध्ये सुटं काही नसतं. दातेरी चाकावर एक लवचीक पट्टी अडते आणि सुटते, अडते आणि सुटते. आवाज येतो तो त्यातून. मी पहिल्या उल्लेखाला 'ग्रागर, म्हणजे गोल फिरवायचा लाकडी खडखडा' असं लिहून मोकळी होते आणि पुढे नुसतं ग्रागर. पानाखाली तळटीप टाकण्यापेक्षा हे बरं.

उलट चूकही होते, ती म्हणजे असा करकराट करणाऱ्या प्रत्येक वस्तूला ग्रागर म्हणणं. याच बनावटीचा खडखडा लंडनच्या पोलिसांकडे होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे त्याच्या जागी शिट्टी आली. दुसऱ्या महायुद्धात विषारी वायूच्या हल्ल्याचा इशारा द्यायला ब्रिटनमधल्या स्वयंसेवकांना असेच खडखडे दिले होते आणि पुढे ते फुटबॉलच्या मैदानांवरही घुमले. कॅथलिक चर्चमध्ये गुड फ्रायडेला घंटा मुक्या असतात आणि त्यांच्या जागी लाकडी खडखडा वाजतो. गोव्यातही वाजतो. स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांत त्याला 'मात्राका' म्हणतात, मूळ अरबी. यांपैकी एकही ग्रागर नव्हे. वस्तू पुरीमच्या दिवशी, हामानच्या नावावर फिरली तरच ती ग्रागर.

हा हामान कोण?

बायबलच्या जुन्या करारात एस्तेर नावाचं दहा अध्यायांचं छोटं पुस्तक आहे. पर्शियाचा राजा अहश्वेरोश, शूशन ही राजधानी. राणी एस्तेर ज्यू आहे, पण दरबारात ते कोणाला ठाऊक नाही. तिला वाढवणारा तिचा चुलतभाऊ मर्दखय वजिरापुढे वाकायला नकार देतो. तो वजीर हामान. एका माणसाच्या ताठ मानेचा राग तो सगळ्या जमातीवर काढायचं ठरवतो आणि कत्तलीचा दिवस चिठ्ठ्या टाकून मुक्रर करतो. चिठ्ठीला शब्द 'पूर', त्यावरून सणाचं नाव पुरीम. शेवटी एस्तेर राजापुढे तोंड उघडते आणि मर्दखयसाठी उभारलेल्या खांबावर हामानच लटकतो.

पुस्तकात हामानला 'अगागी' म्हटलंय, म्हणजे इस्रायलींचे जुने वैरी जे अमालेकी, त्यांच्या अगाग राजाच्या वंशातला. आणि अमालेकची आठवण आभाळाखालून पुसून टाका, अशी आज्ञा बायबलच्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात आहे. आता नाव पुसायचं कसं? तेराव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका ग्रंथात उत्तर सापडतं. फ्रान्स आणि प्रोव्हान्समधली मुलं गुळगुळीत गोटे घेत, त्यांवर हामानचं नाव लिहीत आणि वाचनात ते नाव आलं की गोटे एकमेकांवर आपटत. आपटून आपटून अक्षरं खरोखरच पुसली जात. म्हणजे आवाज हा मूळ हेतूच नव्हता, तो घासण्यातून आपसूक निघत होता. पुढे गोटे गेले आणि आवाज राहिला. कोणी बुटाच्या तळव्यावर खडूने नाव लिहून पाय आपटू लागलं, कोणी फळी ठोकू लागलं आणि मग दातेरी चाक आलं.

सोळाव्या शतकात पोलंडमधल्या क्राकोचे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, मोशे इस्सरलेस यांनी ही चाल नोंदवून ठेवली. कोणतीही रीत मोडीत काढू नये किंवा तिची टर उडवू नये, ती उगाच पडलेली नसते, असंही त्यांनी सोबत म्हटलं. सगळ्यांना ते पटलं असं नाही. १७८३ साली लंडनमधल्या स्पॅनिश-पोर्तुगीज ज्यूंच्या पंचांनी हा गोंगाट बंद करायचं ठरवलं आणि त्यावरून चांगलीच जुंपली. प्रार्थनास्थळात शिस्त हवी म्हणणारे आणि एक दिवस तरी पोरांना मोकळं सोडा म्हणणारे, ही भांडणं कोणत्याही गावात ओळखीची वाटतील.

कधी फिरवायचा

खरी अक्कल इथे लागते. पुरीम ज्यू पंचांगातल्या अदार महिन्याच्या १४ तारखेला येतो. जेरुसलेमसारख्या प्राचीन तटबंदीच्या शहरात १५ तारखेला. अधिक महिन्याच्या वर्षात दोन अदार असतात, तेव्हा दुसरा धरायचा. ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून एस्तेरचं पुस्तक दोनदा वाचतात, आदल्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. वाचन चर्मपत्राच्या गुंडाळीवरून होतं. या गुंडाळीला 'मगिल्ला' म्हणतात आणि वाचताना ती पत्रासारखी घडीवर घडी घालून उलगडून ठेवतात.

पहिल्यांदा जाणाऱ्याची पहिली चूक म्हणजे घाई. पहिल्या दोन अध्यायांत हामान नाहीच. मेजवानी होते, राणी वश्ती रुसते, नवी राणी निवडली जाते, तोवर ग्रागर मांडीवर ठेवायचा. त्यातही पहिल्या अध्यायात सात खोजांची यादी येते आणि तिची सुरुवात 'महूमान' या नावाने होते. कान टवकारून बसलेला नवशिका तिथे फसू शकतो. एकटाच करकर करतो आणि सगळं सभागृह मागे वळून पाहतं. आपला माणूस तिसऱ्या अध्यायाच्या पहिल्या वचनात येतो: 'हामान बेन हम्मदाथा हा-अगागी'. इथे पहिला कडकडाट. त्यानंतर मात्र उसंत कमी. सबंध पुस्तकात ते नाव ५४ वेळा येतं. सातवा अध्याय जेमतेम दहा वचनांचा, पण तिथे हामान पाठोपाठ येत राहतो आणि मनगट दुखायला लागतं. दहाव्या अध्यायात तो नाही, तेव्हा नवव्यानंतर ग्रागर पिशवीत टाकला तरी चालेल.

दुसरी गोष्ट, फिरवण्याइतकंच थांबणंही जमलं पाहिजे. ज्याच्यावर वाचन ऐकण्याची जबाबदारी आहे त्याने मगिल्लेचा प्रत्येक शब्द ऐकायचा असतो. तुमच्या करकराटात पुढचे तीन शब्द बुडाले तर शेजारच्याचं वाचन अपुरं राहतं आणि त्याला ते शब्द हातातल्या छापील पुस्तकातून स्वतः वाचून भरून काढावे लागतात. म्हणून वाचणारा नाव उच्चारून थांबतो, गोंगाट ओसरू देतो आणि मग पुढे जातो. त्याचा हात वर गेला की तुमचा हात खाली यायला हवा. काही ठिकाणी लाल-हिरव्या पाट्या दाखवतात. चार-पाच सेकंदं भरपूर झाली. लांबवणाऱ्याकडे आज्या कशा बघतात ते सांगायला नको.

नुसत्या नावावर फिरवायचा की बिरुदासह आलेल्या नावावर, यात पद्धती वेगवेगळ्या आहेत. हबाद पंथाचे लोक 'अगागी', 'दुष्ट' असं काही जोडून आलं तरच आवाज करतात, त्यामुळे तिथे एकंदरीत शांतता जास्त. जिथे जाल तिथे पहिल्या नावाला हात आवरून शेजाऱ्याकडे बघा. आणखी दोन जागा सांभाळा. नवव्या अध्यायात हामानच्या दहा मुलांची नावं वाचणारा एका श्वासात घेतो. त्या वेळी मध्ये करकर केली तर त्याचा श्वास तुटतो. आणि चार वचनं अशी आहेत जी आधी सभा मोठ्याने म्हणते, मग वाचणारा म्हणतो. पहिलं मर्दखयची ओळख करून देणारं. ते हामानचं समजू नका.

टिकल्यांची पिस्तुलं आणि फटाके आत नेऊ नका. लहान बाळ किंवा कानाला यंत्र लावलेलं माणूस शेजारी असेल तर ग्रागर त्यांच्या कानापासून लांब, डोक्याच्या वर धरून फिरवा.

घरी बनवायचा तर

सोपा प्रकार: पत्र्याचा रिकामा डबा, मूठभर कडवे वाल, झाकणावर चिकटपट्टी. डबा अर्ध्यापेक्षा कमी भरा. जास्त भरला तर वाल हलतच नाहीत आणि आवाज बसका येतो. प्लास्टिकच्या बाटलीतही होतं, पण पत्र्याची सर नाही. काटेकोर बोलायचं तर हा खुळखुळाच. तरी आज बोलण्यात ग्रागर शब्द इतका सैल झालाय की पुरीमला आवाज करणारं काहीही त्यात खपतं. अमेरिकेतल्या काही सभागृहांत लोक न उघडलेली मॅकरोनीची खोकी घेऊन येतात, तीच हलवतात आणि नंतर गरजूंसाठी देऊन टाकतात. ही युक्ती मला फार आवडते.

खरा, चाकाचा ग्रागर बनवायला एक रविवार लागतो. आधी चाक. १५ मिलिमीटर जाड लाकडाची ५ सेंटिमीटर व्यासाची चकती कापा, तिच्या कडेला आठ दाते पाडा, प्रत्येक ६-७ मिलिमीटर खोल. दाते दोन्ही बाजूंनी सारखे उतरते ठेवा. करवतीसारखे एका अंगाला कललेले केलेत तर चाक एकाच दिशेने फिरेल आणि उलट फिरवणारं पहिलं पोर पट्टी मोडेल. मधोमध २ सेंटिमीटरचं भोक पाडा आणि त्यात तेवढ्याच जाडीचा, २२ सेंटिमीटर लांबीचा गोल दांडा फेव्हिकॉल लावून घट्ट बसवा. वरून एक बारीक खिळा आडवा मारा. नुसत्या फेव्हिकॉलवर भरवसा नको. माझा पहिला ग्रागर तिथेच गेला. दांडा गरगर फिरत होता आणि चाक जागच्या जागी स्वस्थ होतं. चाक बसवताना वर ३ सेंटिमीटर दांडा बाहेर राहू द्या, बाकीचा खाली धरायला.

आता चौकट. प्लायवुडच्या दोन पट्ट्या, १५ बाय ४ सेंटिमीटर, ६ मिलिमीटर जाड. एका टोकापासून ३ सेंटिमीटरवर दोन्हींना भोक पाडा, दांड्यापेक्षा मिलिमीटरभर मोठं, कारण चौकट दांड्याभोवती मोकळी फिरायला हवी. चाक दोन पट्ट्यांच्या मध्ये येईल. दुसऱ्या टोकाला पट्ट्यांमध्ये १८ मिलिमीटरचा लाकडी ठोकळा येतो, म्हणजे चाकाला दोन्ही बाजूंनी थोडी जागा सुटते.

जीभ ही सगळ्याचा प्राण. बांबूची कामटी घ्या, पतंगाच्या कामटीपेक्षा रुंद आणि जाड: दीड सेंटिमीटर रुंद, २ ते ३ मिलिमीटर जाड. ठोकळा मधोमध उभा चिरून कामटीचं एक टोक त्या दोन फाकांमध्ये दाबून पक्कं करा. कामटीची रुंदी चाकाच्या जाडीच्या दिशेने हवी. दुसरं टोक दात्यांच्या खाचेत निम्म्यापर्यंत पोचलं पाहिजे. जास्त आत गेलं तर चाक अडकतं, कमी गेलं तर नुसती कुरकुर येते. इथे मोजमापाचा उपयोग कमी. थोडी लांब ठेवा, दांडा हाताने हळू फिरवून बघा आणि सँडपेपरने टोक घासत घासत आणा. योग्य लांबी आली की आवाज बदलतो. कुरकुरीची टकटक होते, आणि ती टकटक नीट सुटी, कोरडी ऐकू आली की हात थांबवा.

शेवटी वर बाहेर आलेल्या दांड्याच्या टोकात आडवा खिळा मारा, म्हणजे जोरात फिरवताना चौकट उडून कोणाच्या कपाळावर जाणार नाही. हे विसरू नका. भोकांच्या आतून मेणबत्ती घासा. तेल लावू नका. दांडा मुठीत उभा धरून मनगटाने फिरवला की चौकट गरगरते. एका फेऱ्याला आठ टक, सेकंदाला दोन फेरे म्हटले तर सोळा, आणि सोळा टक कानाला सुटे ऐकू येत नाहीत, सलग करकराट होतो. कामटी वर्ष-दोन वर्षांत मोडतेच, तेव्हा दोन जादा कापून ठेवा.

आणि कोकणातलं नाव

आजींनी त्या दिवशी आणखी एक सांगितलं, ते अनुवादात कुठेच बसलं नाही म्हणून इथे लिहिते. कोकणातल्या बेने इस्रायलींनी आपल्या सणांना मराठी नावं दिली होती. योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा दिवस) म्हणजे दार फाळणीचा सण, तिशा बआव (जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिवस) म्हणजे बिरड्याचा सण आणि पुरीम म्हणजे होळीचा सण. अदार आणि फाल्गुन दोन्ही चांद्र महिने, दोन्ही सण पौर्णिमेच्या आसपास. २०२५ साली तर १३ मार्चला इकडे होळी पेटली आणि त्याच संध्याकाळी मगिल्ला वाचली गेली. दरवर्षी असं जुळतंच असं नाही. दोन्ही पंचांगांचे अधिक महिने वेगवेगळ्या वर्षी पडले की अंतर महिन्याचं होतं. २०२१ मध्ये पुरीम फेब्रुवारीच्या शेवटी होता आणि होळी मार्चच्या शेवटी.

जुन्या काळी बाबिलोन आणि एलामकडची ज्यू मुलं पुरीमला हामानचं बाहुलं करून आगीत टाकत आणि इ.स. ४०८ मध्ये रोमन बादशहाने असं बाहुलं जाळायला बंदी घातली होती. हे सांगितल्यावर आजी हसल्या. "बोंब मारायला बंदी नव्हती ना?" म्हणाल्या आणि पुरणपोळीचं ताट पुढे सरकवलं.